डिफेनेस्ट्रेशन म्हणजे नुसती हकालपट्टी नव्हे

‘डिफेनेस्ट्रेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ फक्त ‘हकालपट्टी’ असा दिला, तर तो अपुरा आहे. लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी. मूळ अर्थ खिडकीतून बाहेर फेकणं. शब्द गाजला तो आजच्या चेकियाची राजधानी असलेल्या प्रागमुळे. २३ मे १६१८ रोजी तिथल्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी पवित्र रोमन सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना वरच्या खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले, पण युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी तिथेच पडली! पदावरून हटवणं हा अर्थ नंतरचा. पक्षनेत्याला त्याच्याच माणसांनी घालवलं, तर तो चपखल बसतो. स्वखुशीने राजीनामा देणाऱ्याला मात्र लावू नका. ढकलणारा दुसराच लागतो. ‘डिफेनेस्ट्रेट’ हे क्रियापद सकर्मक आहे. उच्चारताना नामात जोर ‘स्ट्रे’वर, क्रियापदात ‘फे’वर.