खुर्ची उबवणं वगैरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

बर्न्सवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. थोडक्यात म्हणणं असं की विल्यम बर्न्स या अमेरिकन डिप्लोमॅटला इराक युद्ध पटत नव्हतं तर त्याने राजीनामा द्यायला हवा होता, मी दोन बर्न्सची गल्लत केली, पॅलेस्टाइनवर गप्प बसलो, आणि शेवटी "आयुष्यभर खुर्ची उबवणाऱ्याची आरती ओवाळायला तुमच्यासारखेच लागतात".

गल्लत झाली, मान्य. भारताशी अणुकराराची बोलणी केली ती निकोलस बर्न्सने, विल्यम 2008 मध्ये त्याच्याच पदावर आला आणि शेवटचा टप्पा त्याच्या काळात पार पडला. आडनाव एक, पद एक, घसरलो. दुरुस्ती केलीय. पण हे साध्या एका ओळीत सांगता आलं असतं, "गूगल तरी करायचं" हा टोमणा कशाला?

आता खुर्ची. अहो, जुलै 2002 मध्ये याच माणसाने दोन सहकाऱ्यांबरोबर तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना मेमो पाठवला होता, सद्दाम गेल्यावर काय काय विस्कटेल याचा. 2008 ला मॉस्कोहून तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइसबाईंना कळवलं की युक्रेन नाटोत ही एकट्या पुतिनचीच नाही, तिथल्या सगळ्या वरच्या वर्तुळाची लाल रेघ आहे, म्हणजे ओलांडली तर खपवून घेणार नाहीत. 2013 ला ओमानमध्ये इराणशी गुपचूप बोलणी, नोव्हेंबरात जिनिव्हाचा अंतरिम करार. उबवली म्हणताय ना खुर्ची, मग त्यातून एक पिल्लू तरी बाहेर आलं!

राजीनामा देणारेही होते. इराक युद्ध पटत नाही म्हणून 2003 मध्ये अथेन्सहून ब्रेडी किसलिंग, मंगोलियातून अ‍ॅन राइट, दोघेही अमेरिकन डिप्लोमॅट. आदर आहे. पण मार्चमध्ये इराकवर बॉम्ब पडलेच ना? आणि मेमो आणखी ठामपणे मांडायला हवा होता याची खंत बर्न्सने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलीय, म्हणजे तुम्ही नवीन काही सांगत नाही आहात.

"तुमच्यासारखे" म्हणालात म्हणून सांगतो. 29 वर्षं सरकारी नोकरी केलीय मी. एका पाइपलाइनच्या कामाचं मोजमाप जुळत नव्हतं, मी नस्तीवर तशी दीड पान टिपणी लिहिली, साहेबांनी कडेला हिरव्या शाईत "चर्चा करावी" एवढंच लिहिलं. (नोकरी केलेल्यांना कळेल, चर्चा करावी म्हणजे तोंड बंद करावं.) चर्चा झाली नाही, बिल निघालं, दुसऱ्या दिवशी दहाला मी मस्टरवर सही केली. घरात दोन पोरं आणि आईचं डायलिसिस चालू, काय करणार होतो? राजीनामा लिहिला होता हो, आठवडाभर खिशात घेऊन फिरलो, मग पँट धुवायला गेली आणि त्याचा लगदा झाला. ती खुर्ची किती उबदार होती ते मला विचारा, तिचं एक हँडल तुटलेलं होतं.

पॅलेस्टाइन हा वेगळ्या लेखाचा विषय, वेळ मिळाला की लिहीन. तोवर तुम्ही कुठल्या नोकरीचा राजीनामा कधी फेकलात तेवढं कळवा, उत्सुकता आहे.