पॅटागोनिया निर्जन नव्हती

परवा थोरल्या बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिले, 'मराठीसाठी आपल्याला असे काही करता आले असते तर!' दुपारपर्यंत तोच मजकूर आणखी दोन गटांवर येऊन पडला, तेव्हा मात्र गप्प राहवेना. मजकुराचा सारांश असा: इंग्रजांनी गांजलेल्या वेल्श (ब्रिटनमधील वेल्सच्या) लोकांनी १८६५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील पॅटागोनियाच्या निर्जन प्रदेशात आपल्या भाषेसाठी वसाहत उभारली, आदिवासींना भावासारखे वागवले, रक्ताचा थेंब सांडला नाही, जगात सर्वांत आधी स्त्रियांना मत दिले, तेथे आजही वेल्श बोलली जाते, तेव्हा याला वसाहतवाद म्हणणारे अभ्यासक उगाच खुसपट काढतात.

वेल्श लोक गांजलेले होते, हे मान्य. १८४७ च्या सरकारी अहवालाने त्यांच्या भाषेलाच मागासलेपणाचे कारण ठरवले होते आणि 'मिमोसा' जहाजातून लिव्हरपूलहून निघालेली दीडशेच्या आसपास माणसे काही साम्राज्य जिंकायला निघाली नव्हती. पण स्वतः अन्याय सोसला म्हणून तिसऱ्याच्या जमिनीवर हक्क पोचतो, हे कोणत्या न्यायात बसते?

'निर्जन' हा शब्द तर धडधडीत खोटा आहे. पॅटागोनियातल्या चुबुत नदीच्या परिसरातल्या माळांवर तेहुएल्चे हे आदिवासी लोक ग्वानाको या उंटाच्या कुळातल्या रानटी प्राण्याच्या शिकारीमागे ऋतूनुसार फिरत असत. वेल्श मंडळी किनाऱ्याला लागून पाच महिने होतात न होतात तोच, डिसेंबर १८६५ मध्ये, अंतोनियो नावाच्या आदिवासी प्रमुखाने वसाहतीच्या प्रमुखाच्या नावे पत्र धाडले. त्याचा आशय असा की, चुबुत आणि नेग्रो या नद्यांमधली मैदाने आमची आहेत आणि ती आम्ही कधीही विकलेली नाहीत. ज्या प्रदेशातून असे पत्र येते त्याला निर्जन म्हणणाऱ्याने निदान ते पत्र तरी वाचावे! जमिनीचा ताबा मात्र अर्जेंटिनाच्या लष्करी अधिकाऱ्याने १५ सप्टेंबरलाच झेंडा उभारून वेल्श मंडळींना देऊन टाकला होता. चिलीच्या आधी दक्षिणेत आपली माणसे बसवायची हे ब्यूनस आयर्सचे, म्हणजे अर्जेंटिना सरकारचे, गणित होते आणि वेल्श स्थलांतरित त्यात आयतेच बसले.

स्त्रियांच्या मताबद्दल थोडक्यात. वसाहतीच्या नियमांत अठरा वर्षांवरील स्त्री-पुरुषांना मत होते, हे खरे आणि कौतुकाचेही. 'जगात सर्वांत आधी' मात्र नव्हे, कारण अमेरिकेतील न्यू जर्सीत मालमत्ताधारक स्त्रिया अठराव्या शतकातच मत देत होत्या. शिवाय हा हक्क वसाहतकऱ्यांपुरता होता. १८६९ च्या कायद्याने अर्जेंटिनाच्या भूमीत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक ठरला, म्हणजे वेल्श कुटुंबांत तेथे जन्मलेली मुलेही. पण त्याच भूमीचा पुत्र असलेला इनाकायाल हा आदिवासी प्रमुख अर्जेंटिनाच्या लष्कराच्या आदिवासींविरुद्धच्या मोहिमांत कैद होऊन ला प्लाता शहराच्या संग्रहालयात ठेवला गेला, १८८८ मध्ये तेथेच मेला आणि पुढे त्याची हाडे प्रदर्शनात मांडली गेली. ती १९९४ मध्ये चुबुतमधील तेका येथे परत आली. भाषा टिकली हे अर्धेच खरे, कारण १९९७ पासून वेल्समधून शिक्षक पाठवावे लागत आहेत.

आता 'भावासारखे'. बहिणीला हाच मुद्दा सर्वाधिक भावला, म्हणून त्यावर जरा थांबतो. पावाच्या बदल्यात मांस, कातडी आणि पिसे हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता, शिकार तेहुएल्चेंनी शिकवली, आणि आदिवासींशी नरमाईने वागावे अशी विनंती वेल्श मंडळींनी १८८३ मध्ये लष्कराला केली होती, हे कबूल करावेच लागते. अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातील लूसी टेलर यांनी २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ लॅटिन अमेरिकन स्टडीज'मध्ये नेमकी हीच मैत्री तपासली. मैत्री झालीच नाही, असे त्या म्हणत नाहीत. तिच्या आतही वंशाची उतरंड होती आणि मैत्रीची गोष्ट सांगता सांगता जमीन कोणाची गेली हे झाकले जाते, असे त्या दाखवतात.

जॉन डॅनियल इव्हान्स यांच्या आठवणी या संदर्भात वाचाव्यात. ते 'मिमोसा'वरचे लहानगे प्रवासी. १८८४ मध्ये आदिवासींच्या हल्ल्यात त्यांचे तीन सोबती मारले गेले आणि ते घोड्यामुळे वाचले. तेव्हा 'रक्ताचा थेंब' हेही शब्दशः खोटेच. पुढे वालचेता येथे लष्कराने तारेच्या कुंपणात कोंडलेले आदिवासी त्यांना दिसले. एक जण कुंपणाच्या कडेकडेने धावत 'बारा, बारा' असे ओरडत होता. वेल्शमध्ये बारा म्हणजे पाव. तो त्यांचा लहानपणचा तेहुएल्चे मित्र होता. त्याला सोडवण्यासाठी इव्हान्स पुरेसे पैसे घेऊन पुन्हा गेले, तोवर तो मेला होता. हेच इव्हान्स १८८५ मध्ये चुबुतचे राज्यपाल फोंताना यांच्या स्वारांचे वाटाडे होऊन अँडीजच्या पायथ्याशी पोचले होते. लष्करी मोहिमांनी मोकळ्या केलेल्या त्या खोऱ्यात स्वारांना एकेक चौरस लीग, म्हणजे सुमारे २,५०० हेक्टर, जमीन मिळाली आणि इव्हान्स पुढे तेथेच स्थायिक झाले.