कागदी घोडे आणि सोमवारचा हातोडा

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि रागाचीही आहे. "धन्यवाद, विचार करेन" एवढ्यावर तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. "घराचं नूतनीकरण करताना भिंतीला हात लावण्याआधी सहा आठवडे फक्त कागदावर काम करा", असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हे कागदी घोडे नाचवणं झालं. वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला माझ्या नकाशापेक्षा जास्त कळतं. टाइलवर टाइल नको, कमोडची जागा हलवू नका, ही नुसती भीती घालणं आहे. तुमच्या भावाकडे दोन्ही केलंय आणि काही बिघडलेलं नाही. ओटा किती उंच हवा ते त्याच्यापुढे उभं राहिल्यावरच कळतं. आणि एकूण लेख म्हणजे आर्किटेक्ट लोकांची छुपी जाहिरात. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे सोमवारपासून हातोडा पडतोय.

जाहिरातीचं आधी उरकते. मी आर्किटेक्ट नाही, आमच्या घरातही कुणी नाही. माझे नकाशे आलेखाच्या वहीत, पेन्सिलीने, खाडाखोड करून काढलेले. दोन वेळा घर उघडून पुन्हा उभं केलं, त्यात जे शिकले तेच लिहिते.

आता मिस्त्री. त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पहिल्या कामाच्या वेळी आमचे मिस्त्री असेच मुरलेले होते. एका दुपारी त्यांचा फोन आला, "ताई, झोपायच्या खोलीतला बोर्ड कुठे घेऊ?" मी कामात होते. म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तिथे घ्या. त्यांनी घेतला, वायर कमीत कमी लागेल अशा जागी, अगदी ओळंब्यात. तीन आठवड्यांनी सुतार आला आणि त्याने दार बसवलं. दार उघडलं की बोर्ड दाराच्या मागे. पुढची नऊ वर्षं आम्ही खोलीत शिरून, दार अर्धं लोटून, मग हात मागे घालून दिवा लावला. यात मिस्त्री चुकला का? नाही. सुतार चुकला का? नाही. दार कुठल्या बाजूला उघडणार हे मी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते त्या दिवशी जो तिथे हजर होता त्याने ठरवलं. कागदावर काम करा म्हणते ते एवढ्याचसाठी. काम कसं करायचं हे मिस्त्रीला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. पण तुमच्या घरात रात्री कोण उठतं, डावखुरं कोण आहे, फ्रिज कोणत्या भिंतीला लागणार आहे, हे त्याला कोण सांगणार? (फ्रिजचं म्हणाल तर, बिजागरीच्या बाजूला तो भिंतीला चिकटवलात की दार पुरतं उघडत नाही आणि आतले खण बाहेर निघत नाहीत. हेही आमच्याच घरातलं.)

कमोडबद्दल मी अजून माझ्याच म्हणण्यावर आहे. "हलवू नका" या शब्दांपेक्षा त्यामागचं गणित सांगायला हवं होतं, ते आता सांगते. कमोडचा पाइप साधारण ११० मिलिमीटरचा, म्हणजे आपण ज्याला चार इंची म्हणतो तो. त्याला ढाळ लागतो, साधारण ४० ला १. जागा आठ फूट म्हणजे जवळपास २.४ मीटर हलवली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० मिलिमीटर उतार आला. पाइपची स्वतःची जाडी ११०. खाली बैठक, वर भर आणि फरशी. हे सगळं स्लॅबच्या वर बसवायचं तर बाथरूमची जमीन सात-आठ इंच वर येते आणि दारात पायरी होते. आज ती पायरी कुणाला टोचणार नाही. गुडघे दुखायला लागले की मात्र रोज मोजली जाते. पायरी नको म्हणून ढाळ कमी केला, तर पाणी पुढे जातं आणि बाकीचं मागे राहतं. तुंबणं मग काही महिन्यांनी सुरू होतं, कामवाले निघून गेल्यावर.

तुमच्या भावाकडे काही बिघडलं नाही याची मला दोन कारणं दिसतात. एक तर तिथे बाथरूमचा स्लॅब आधीच खाली सोडलेला असेल, मग पाइपला जागा मिळते. नाहीतर कमोड मुख्य उभ्या पाइपच्या जवळच सरकवला असेल. दोन्ही प्रकारांत हलवायला माझी काहीच हरकत नाही. पण तुमच्या घरात यातलं काय आहे, ते हातोडा पडण्याआधी मोजून बघा.

टाइलच्या बाबतीत मात्र मी चुकले. "टाइलवर टाइल कधीच नको" असं सरसकट लिहायला नको होतं. टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याने (टाइल अ‍ॅडहेसिव्हने) पातळ टाइल जुन्यावर बसवली तर चौरस मीटरला पंचवीस-तीस किलोच्या आसपास वजन वाढतं, जमिनीला ते जड नाही. माझ्या डोक्यात होती ती जुनी पद्धत, दोन इंच सिमेंट-वाळू घालून वर फरशी. त्यात नुसत्या थराचंच वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो होतं. राहत्या घराची जमीन माणसं, सामान वगैरे हलत्या भारासाठी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरून आखतात. म्हणजे घरात कपाट यायच्या आधीच निम्मा हिशेब त्या थराने खाल्ला. तेव्हा वाक्य असं सुधारते: मसाल्याने चिकटवणार असाल तर चालेल, पण आधी सगळी जुनी फरशी लाकडी दांड्याने ठोकून बघा. जिथे पोकळ आवाज येईल तिथली काढा, नाहीतर जुनी सुटली की नवी तिच्यासोबत सुटते. आणि सगळी दारं खालून तासावी लागतील हे सुताराला आत्ताच सांगून ठेवा.

तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय, "भिंत भार घेते की नाही ते ठोकलं की कळतं." इथे मात्र मला भीती घालायचीच आहे. ठोकल्यावर भिंत पोकळ की भरीव एवढंच कळतं. तिच्यावर काय टेकलंय ते कळत नाही. कॉलम-बीमच्या इमारतीत नऊ इंची बाहेरची भिंतसुद्धा नुसती भरावाची असू शकते. उलट भिंतींवरच उभ्या असलेल्या जुन्या घरात साडेचार इंची भिंतीवरही कुणीतरी कधीतरी तुळई टेकवलेली असते. जाडी बघून अंदाज येतो, खात्री होत नाही. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, मी लिहिलेल्या शब्दावर जाऊ नका आणि मिस्त्रीच्याही नाही. न पाडता नुसती खोदायची असली तरी आडवी खाच उभीपेक्षा वाईट. ब्रिटनमधल्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शनात उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी फक्त एक षष्ठांशापर्यंत. साडेचार इंची भिंतीत हा एक षष्ठांश १९ मिलिमीटर होतो. २५ मिलिमीटरचा विजेचा पाइप त्यात मावतच नाही. म्हणून पाइप छतातून नाहीतर जमिनीतून न्यायचा आणि बोर्डाच्या रेषेत सरळ खाली किंवा वर घ्यायचा.

ओट्याबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ऑस्ट्रियन आर्किटेक्ट मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या घरांसाठी "फ्रँकफर्ट स्वयंपाकघर" आखलं. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली, त्यात प्रत्येक हालचालीचा वेळ आणि पावलं मोजून मांडणी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. आणि गंमत म्हणजे, ते आखेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मोजमाप करून किती लांब जाता येतं ते यात दिसतं, आणि मोजमाप कुठे तोकडं पडतं तेही. ती खोली एका माणसाचीच होती. दुसरं कुणी मदतीला आलं की धक्काबुक्की. सिंक, शेगडी, फ्रिज यांचा जो त्रिकोण सगळे सांगतात, त्यातही ओट्यापाशी एकच माणूस धरलेला आहे.

म्हणून उभं राहून बघा हे बरोबरच. फक्त दगड कापण्याआधी उभं राहा! टेबलावर पुस्तकांची थप्पी, थप्पीवर पाट, आणि दहा मिनिटं खरंच काहीतरी चिरत राहा. कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली पृष्ठभाग आला की बहुतेकांच्या खांद्यांना बरं वाटतं. सिंकचं गणित वेगळं, कारण हात त्याच्या तळाशी जातात आणि तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली असतो. आमच्याकडे भांडी नवरा घासतो, त्याची उंची सहा फूट, आणि ओटा मी माझ्या कोपराने ठरवला. दुसऱ्या वेळी सिंकचा भाग उंच केला.

सहा आठवड्यांबद्दलही तुम्ही रास्त टोचलंत. रंग, पडदे, एखादी कपाटाची भिंत यासाठी दोन रविवार पुरतात. आणि काम चालू असताना दुसऱ्या घरात राहून भाडं भरणाऱ्याला रोजचा दिवस महाग असतो. पण भाड्याचं मीटर सुरू होतं ते भिंत फुटल्यावर. कागदावरचे आठवडे तुम्ही स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर काढता. एक कबुलीही देते. दुसऱ्या वेळी मी नकाशाच्या अकरा आवृत्त्या केल्या, आणि पाडकामाच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीतून एक पाइप निघाला जो कुठल्याच नकाशात नव्हता. सिंकची अख्खी बाजू बदलावी लागली. तेव्हापासून पैसे आणि दिवस दोन्ही पंधरा-वीस टक्के जास्तीचे धरते.

सोमवारला थोडेच दिवस आहेत, त्यामुळे सहा आठवड्यांचं सोडा. रविवारी खडू घ्या आणि प्रत्येक दार कसं उघडणार त्याची कमान जमिनीवर काढा. बोर्डांच्या जागा भिंतीवर लिहा, शेजारी त्याला काय जोडणार तेही. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशीआधी नाहणी ट्रॅप (पाणी बाहेर जायचं तोंड) बंद करून किमान ४८ तास पाणी भरून ठेवा. पाण्याची रेषा भिंतीवर पेन्सिलीने आखा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. मिस्त्री दोन दिवस वाया गेले म्हणतील, म्हणू दे. आणि गिलावा चढण्याआधी प्रत्येक उघड्या भिंतीचा फोटो काढा, टेप भिंतीला लावून, आकडे दिसतील असा. कमोड हलवलात तर तिथला तर नक्कीच काढा आणि मला ढाळ किती मिळाला ते कळवा. माझं गणित चुकलं असेल तर तेही टाइलसारखं दुरुस्त करेन.