परदेशातून : उद्या सकाळी निघू या का?

गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडलं की आमच्या ठाण्याच्या घरात दरवर्षी वाद पेटतो आणि फोनवरून तो इथपर्यंत येतो. मिनिटभरात वेटिंग लागलेलं असतं. नौपाड्यातले काका म्हणतात, "आपल्या लोकांना नियोजन म्हणून नाही. जर्मनीत बघा, वर्षाच्या सुट्ट्या जानेवारीत ठरतात." ठाण्याजवळच्या दिव्यात राहणारा, पाळीत काम करणारा आत्येभाऊ म्हणतो, "मला रजा मिळाली की नाही ते दोन दिवस आधी कळतं. मी दोन महिने आधी काय ठरवू?" मग दोघंही निवाडा माझ्यावर सोपवतात. मी श्टुटगार्टला राहतो, म्हणजे नियोजनातला अधिकारी माणूस!

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ऑफिसात रजेचा तक्ता खरोखरच वर्षाच्या सुरुवातीला भरतात. शाळेची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन परस्पर निघालात तर दंड होऊ शकतो. शेजारच्या बव्हेरियात अशा आईबापांना पोलिसांनी थेट विमानतळावर गाठल्याच्या बातम्या मागे गाजल्या होत्या.

पण राहिलेलं अर्धं काका ऐकून घेत नाहीत. याच देशात मे २०२३ पासून एक मासिक पास आहे, 'डॉइशलांडटिकेट'. तेव्हा ४९ युरोंचा होता, आता ६३ झालाय. त्यावर देशभरातल्या जवळपास सगळ्या प्रादेशिक गाड्या, लोकल, ट्राम आणि शहरी बस चालतात. ऊन पडलेलं दिसलं की डबा भरायचा आणि बोडनसे तलावाकडे निघायचं. आरक्षण नाही, रांग नाही. जागा नसेल तर उभं राहायचं. वेगवान गाड्या या पासात नाहीत. त्यांचं ऐनवेळचं तिकीट खिशाला चांगलीच कात्री लावतं, पण मिळतं. (वक्तशीरपणाबद्दल मात्र काकांनी बोलू नये. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या दर दहांतल्या जवळपास चार गाड्या उशिरा पोचल्या.)

म्हणजे ज्या देशाचं नियोजनासाठी कौतुक होतं, त्यानेच न ठरवता निघणाऱ्यासाठी गाडीत जागा राखली आहे. आपल्याकडे वाद माणसाच्या शिस्तीवर चालतो आणि डब्यांची संख्या बाजूलाच राहते.

तत्काळचंच घ्या. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार-पडताळणी सक्तीची झाली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंद झाला. दलालांना चाप बसला तर चांगलंच आहे. पण रांग स्वच्छ केल्याने गाडी लांब होत नाही. ज्याला आज कळलं की परवा जायचंय, त्याने सकाळी दहाला किंवा अकराला मोबाइल हातात धरून नशीब अजमावायचं आणि वर जादा पैसे मोजायचे. ऐनवेळी निघणारा हा एक तर चैनी किंवा संशयित, असंच जणू आपण धरून चाललो आहोत. खरं तर बहुतेकदा तो पाळीवाला, रोजंदारीवाला किंवा गावी कुणी आजारी पडलं म्हणून निघालेला असतो.

रेल्वेने नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली, तेव्हा काका फार चिडले होते. मला तो निर्णय पटला. रेल्वेनेच सांगितलं होतं की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होतात. याला नियोजन कसं म्हणायचं? रुमाल टाकून जागा धरणंच झालं हे. गंमत म्हणजे परदेशी पर्यटकांसाठी असलेली ३६५ दिवसांची मुभा तशीच राहिली.

मग हवं काय? माझं मत विचाराल तर जनरल डबे. दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते आणि रत्नागिरीची पॅसेंजरही. रत्नागिरीची गाडी पूर्वी दादरहून निघायची, कोरोनानंतर ती दिव्याहून सुटू लागली. तेव्हापासून 'दादरला परत न्या' ही मागणी सुरू आहे. मागणी रास्त आहे, पण गाडी कुठून सुटते यापेक्षा अशा किती गाड्या आहेत, यावर भांडायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे एसटी. मुंबई-गोवा रस्त्याचं काम २०११ पासून चाललंय, तरी ठाण्यातल्या खोपटच्या डेपोत पिशवी घेऊन गेलेला माणूस रात्रीपर्यंत कुठे तरी पोचतोच. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. शिवाय चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास आहे. जर्मन पासाचं कौतुक करणाऱ्या आमच्या घरात निम्म्या लोकांना तो ठाऊकच नव्हता.

पावसाळी सहलींचं मी यात धरत नाही. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात जून २०२४ मध्ये एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. खारघरच्या पांडवकड्यावर तर कित्येक वर्षं बंदी आहे. तिथे "चल, बघू काय होतं ते" हा बाणा नको, इथे काका बरोबर.

पण जर्मनीत गाडी असली तरी सोबत नसते, हेही सांगायला हवं. शनिवारी सकाळी सहकाऱ्याला "येतोस का?" विचारलं की तो कॅलेंडर उघडतो आणि तीन आठवड्यांनंतरची दुपार देतो. ठाण्यात रात्री अकराला फोन फिरवला तर पहाटे तीन हात नाक्यावर चौघं हजर असतात, त्यातला एक घरी न सांगता आलेला. चिपळूणची मावशी दार उघडते आणि का आलात असं न विचारता तांदूळ वाढवते. आमच्या या अचानकपणाचे गोडवे गाताना ते तांदूळ धुणारी, गाद्या घालणारी ती एकटीच असते, हे आम्ही पुरुष मंडळी सोयीने विसरतो. तिला कधी "उठ, चल" म्हणून कुणी नेल्याचं मला आठवत नाही.

आत्येभावाचं यंदा दिव्याहून जनरलने जायचं ठरलंय, रजा मिळाली तर. काकांनी मांडवी आणि कोकणकन्या, दोन्ही गाड्यांची तिकिटं काढून ठेवली आहेत. त्यातलं कुठलं रद्द करायचं, ते म्हणे आयत्या वेळी बघू.