म्हणे, इटाचीचे काहीच चुकले नाही

रविवारी दुपारी वरणभातावर तूप पडते न पडते तोच माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने जाहीर केले की इटाची उचिहाचे, म्हणजे 'नारुतो' या जपानी मांगात (चित्रकथेत) आपले सगळे कुळ कापून फक्त धाकट्या सासुकेला जिवंत सोडणाऱ्या निंजाचे, काहीच चुकले नाही. एवढ्यावर तो थांबला असता तर मी लिंबू पिळून गप्प बसले असते, कारण हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आले आहे आणि त्यावरून भांडून माझ्या दोन मैत्रिणी कमी झालेल्या आहेत. पण त्याने घास गिळला आणि पुढे म्हणाला, "आणि मावशी, सासुके म्हणजे नुसता कृतघ्न. भावाने त्याच्यासाठी एवढं केलं आणि हा गावावरच उलटला."

कृतघ्न! आज तिसरा दिवस आहे आणि माझे डोके अजून ठिकाणावर आलेले नाही. सासुकेने नेमक्या कोणत्या उपकारांची जाण ठेवायला हवी होती, हे मला कोणीतरी सांगावे. सात-आठ वर्षांचे पोर संध्याकाळी उशिरा घरी येते, गल्लीभर नातेवाइकांची प्रेते पडलेली असतात, घरात आई-वडील एकमेकांवर कोसळलेले असतात आणि अंधारातून पुढे येतो तो रोज कपाळावर दोन बोटे टेकवून "नंतर खेळू" म्हणणारा दादा. हा दादा त्याला जवळ घेत नाही. तो आपल्या शारिंगानची, म्हणजे उचिहांच्या मायावी डोळ्यांची, ताकद लावून ती सगळी कत्तल त्या पोराला पुन्हा दाखवतो, हे आपण केवळ स्वतःची कुवत अजमावण्यासाठी केले असे सांगतो, तू मारण्याच्याही लायकीचा नाहीस असे ऐकवतो आणि माझा द्वेष करत, पळत, कसाबसा जगत राहा असा आशीर्वाद देऊन निघून जातो. काही वर्षांनी दोघांची गाठ पडते तेव्हा लॉजच्या पॅसेजमध्ये त्याचे मनगट मोडतो आणि तोच खेळ पुन्हा दाखवतो, इतका की वैद्य त्सुनादे येऊन उपचार करेपर्यंत पोरगे अंथरुणावरून उठत नाही. माझ्या आतेभावाला लहानपणी आत्याने एकदा पावसात अर्धा तास दाराबाहेर उभे केले होते, ते तो चाळिशीतही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो. सासुकेने मात्र खरे कारण कळल्याबरोबर डोळे पुसून आपल्या कोनोहा गावाला साष्टांग नमस्कार घालायला हवा होता. आणि ते कारण त्याला कळले तरी कोणाकडून? त्या रात्रीच्या कत्तलीत स्वतः सामील असलेल्या, वर उचिहांचा जुना पूर्वज मादारा याचे नाव लावून फिरणाऱ्या एका मुखवटेवाल्याकडून.

आमच्या चिरंजीवांनी, हे सांगायलाच हवे, मांगाचे एक पान उलटलेले नाही. त्यांनी ॲनिमे, म्हणजे त्याची पडद्यावरची मालिका, पाहिली आहे, तीही दीडपट वेगाने आणि फिलर, म्हणजे मांगात नसलेले भरतीचे भाग, गाळून, आणि उरलेले ज्ञान "इटाचीचे सत्य पाच मिनिटांत" छापाच्या व्हिडिओंतून आलेले आहे. दीडपट वेगाने पाहिल्यावर फक्त कारणे दिसतात, त्या कारणांनी माणसाचे काय झाले ते दिसायला वेळच उरत नाही, हे माझे जुने मत आहे आणि ते मी त्याच्या आईलाही ऐकवलेले आहे.

इटाचीला कारण नव्हते, असे माझे म्हणणे कधीच नव्हते. चौथ्या वर्षी ज्याने तिसऱ्या निंजा महायुद्धातील प्रेतांचे खच पाहिले, त्याला पुन्हा युद्ध होण्याची भीती का वाटावी, हे समजायला फार अक्कल लागत नाही. नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याच्या हल्ल्यानंतर गावाने उचिहांवर संशय घेऊन त्यांना कोपऱ्यात लोटले, त्यांनी बंडाचा बेत आखला, आणि कुळप्रमुखाचा मुलगा एकाच वेळी दोन्हीकडचा हेर झाला. मग गावाच्या गुप्त पथकाचा म्होरक्या डान्झोने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: बंड होऊ दे म्हणजे धाकट्या भावासकट सगळे मरतील, किंवा तू स्वतःच मार म्हणजे भाऊ वाचेल. इटाची त्या वेळी तेरा वर्षांचा होता. तेरा वर्षांच्या मुलाने यातली कुठलीही वाट धरली असती तरी मी त्याला दगड मारायला गेले नसते.

पण म्हणून त्याचे काहीच चुकले नाही असे तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्ही नकळत सोडता कोणाला, याचा विचार करा की! त्याचे काहीच चुकले नसेल तर तो हुकूमही बरोबरच होता. मग डान्झो बरोबर, गावाचे सल्लागार होमुरा आणि कोहारू बरोबर, आणि बोलणी करू या, वेळ द्या असे म्हणत म्हणत शेवटी ते गुपित पोटात घेऊन गेलेला तिसरा होकागे, म्हणजे गावप्रमुख, तर साधूच. इटाचीचा मित्र शिसुई याच्या, समोरच्याचे मन वळवणाऱ्या, ज्या डोळ्याने हे बंड रक्ताचा थेंब न सांडता थांबले असते, तो डोळा डान्झोने आधीच काढून घेतला होता, म्हणजे तिसरी वाट बुजवून झाल्यावर दोनच वाटा आहेत असे पोराला सांगण्यात आले. हा मुद्दा मी पानात मिठाची जागा दाखवून समजावला: हे मीठ म्हणजे शिसुईचा डोळा, ही चटणी म्हणजे डान्झो. ताई म्हणाली, आधी जेवून घ्या.

डान्झोवरून आठवले. डान्झोचा हेतू काय होता? गाव वाचवणे. त्याने मुलांना हत्यार केले, खोटे बोलला, स्वतःचे नाव काळे होऊ दिले आणि सगळे गावासाठी केले म्हणत मेला. कागदावर मांडून पाहिले तर इटाचीची आणि त्याची कैफियत अर्धीअधिक सारखी निघते. तरीही जगातल्या कुठल्याही चाहत्याने डान्झोचे पोस्टर भिंतीवर लावलेले मी पाहिलेले नाही, कारण तो म्हातारा आहे, त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे आणि उजव्या हातात चोरलेले दहा शारिंगान बसवलेले आहेत. इटाचीला लांब पापण्या आहेत. नैतिक संदिग्धतेवर लोक तास तास बोलतात, पण माझा पक्का संशय आहे की यातले निम्मे तत्त्वज्ञान त्या पापण्यांवर उभे आहे.

आणि कावळ्याचे काय? त्याविषयी कोणीच का बोलत नाही? इटाचीने शिसुईच्या दुसऱ्या डोळ्याचा कावळा कथानायक नारुतोच्या पोटात घालून ठेवला होता. सासुकेने इटाचीचे डोळे बसवून घेतले आणि तो कधी गावावर चालून आला, तर त्या डोळ्याने त्याच्या मनात "कोनोहाचे रक्षण कर" एवढेच भरावे, अशी ती योजना होती. म्हणजे आधी भावाच्या डोक्यात द्वेष घालायचा आणि तो द्वेष भलत्या दिशेला गेलाच तर सगळे डोके पुसून नवे लिहायचे. याला माझ्या गावात प्रेम म्हणत नाहीत.

एवढे मी आवाज चढवून बोलत असताना भाच्याने शांतपणे विचारले, "मग तू त्याच्या गँगचा टी-शर्ट का घातला आहेस?"

मी खाली पाहिले. काळ्या कापडावर तांबडे ढग होते, आणि पोटावरच्या ढगावर वरणाचा डाग. टी-शर्ट धुऊन धुऊन इतका विरला आहे की मी तो घरातच घालते आणि त्यावर काय छापले आहे हे विसरून गेले होते. माझ्या किल्ल्यांना इटाचीचा कावळा लटकतो, हे त्याच्या लक्षात आले नाही, ही देवाची कृपा. भाऊजी हसून म्हणाले, "चाळिशी आली तरी कार्टून चालूच!" त्यावर मी त्यांना मांगा आणि कार्टून यातला फरक चौदाव्यांदा सांगायला सुरुवात केली आणि ताईने भाताचे पातेले माझ्यासमोरून उचलले.

माझा खरा राग 'नारुतो'चे लेखक किशिमोतोंवरही आहे, आणि तो आजचा नाही. 1999 ते 2014 या काळात 700 प्रकरणे आणि 72 खंड लिहिताना त्यांनी आम्हाला एक वाईट सवय लावली, ती म्हणजे मरायला टेकलेल्या प्रत्येकाला बालपण काढून द्यायचे. खलनायक नागातोने अख्खे कोनोहा खड्ड्यात घातले, पण त्याचे आई-वडील युद्धात गेले होते. बरे, त्याने निदान स्वतःचा जीव देऊन माणसे उठवली, त्याचे सोडा. त्या मुखवट्यामागच्या ओबितोमुळे नारुतोचे आई-वडील गेले, चौथे महायुद्ध पेटले, आणि शेवटी खुद्द नारुतोच त्याचे गोडवे गातो, कारण ओबितोलाही एकदा होकागे व्हायचे होते आणि त्याची रिन मेली होती. दुसरा खलनायक ओरोचिमारू, त्याने तर पोराबाळांवर प्रयोग केले, स्वतःच्या गुरूला मारले, आणि युद्धात ऐनवेळी योग्य बाजूला उभा राहिला म्हणून तो मोकळा. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्यांच्या बालपणाला मात्र किशिमोतोंच्या कागदावर जागा पुरली नाही.

आणि तरीही, इटाचीच्या बाबतीत किशिमोतोंनी ती जागा दिली आहे, हेच तर या पाच मिनिटांवाल्यांना दिसत नाही. एदो तेन्सेई या मेलेल्यांना उठवण्याच्या विद्येने परत आलेला इटाची जाता जाता सासुकेपुढे थांबतो आणि सगळे उघड करतो. आपण कायम खोटे बोलत आलो, तुला दूर ठेवत आलो, सुरुवातीपासून तुझ्या डोळ्यांना डोळे भिडवून खरे सांगितले असते तर कदाचित तूच आई-बाबांना आणि कुळाला बदलू शकला असतास, असे तो म्हणतो. मला माफ करण्याची गरज नाही, हेही म्हणतो. वकिली करणारे तुम्ही, आणि आरोपी तिकडे गुन्हा कबूल करून बसलेला!

मी हात धुऊन कपाटातून तो खंड काढला. माझे खंड कोणाला वाचायला देण्याची माझ्याकडे पद्धत नाही, पण प्रसंगच तसा होता. ते पान उघडून मी भाच्यासमोर धरले. त्याने ते हातात घेतले, एकदा उजवीकडून डावीकडे आणि मग पुन्हा एकदा सावकाश वाचले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मला वाटले, जिंकले.

"म्हणजे तेरा वर्षांचा होता, त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं, म्हणून तू त्याला सूट देतेस," तो म्हणाला. "मग मावशी, डान्झोलाही कोणीतरी तेच शिकवलं असणार ना? त्याचा पण फ्लॅशबॅक आहे. सोबत्यांसाठी जीव द्यायला त्याला पुढे व्हायचं होतं, पण हिरुझेन, म्हणजे तुझा तो तिसरा होकागे, आधी बोलला. बिचारा."

मी खंड त्याच्या हातातून काढून घेतला आणि उत्तर देण्याआधी पान उजेडात धरून पाहिले. खालच्या कोपऱ्यात, सासुकेच्या कपाळाच्या जरा वर, तुपाचा अंगठा उमटलेला होता.