वार नव्हे, भाड्याचे टप्पे बघा
विमानाचं स्वस्त तिकीट हवं तर मंगळवारी रात्री काढा, असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटत नाही. एकाच विमानातल्या जागा भाड्याच्या टप्प्यांत वाटलेल्या असतात. स्वस्त टप्पा संपला की पुढचा उघडतो, मग वार कुठला का असेना. आम्ही चौघं गणपतीला सावंतवाडीला जातो. चार तिकिटं एकत्र शोधली आणि खालच्या टप्प्यात दोनच जागा उरल्या असतील, तर बहुधा चौघांनाही वरचंच भाडं दाखवतात. म्हणून आधी एकासाठी शोधून बघा. आणि हो, गोव्यातल्या दाबोळी विमानतळाबरोबर तिथल्याच, २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपा विमानतळाचंही भाडं तपासा. आम्हाला मोपाच जवळ. दाबोळीला उतरलो की वाचलेले पैसे टॅक्सीतच जातात.