संगनमत म्हणजे सहकार्य नव्हे

तुमच्या लेखात इंग्रजी 'कोल्यूजन'ला (collusion) 'परस्पर सहकार्य' असा प्रतिशब्द दिलाय, तो अजिबात पटला नाही. सहकार्य उघडपणे होतं. कोल्यूजनमध्ये तिसऱ्याला फसवण्यासाठी आतून हातमिळवणी असते. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'एकत्र खेळणे', पण खेळ कुणाच्या तरी जिवावर चालतो, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे नेमका शब्द आहे, संगनमत. पोलिसांच्या फिर्यादीत 'आरोपींनी आपसात संगनमत करून' हे वाक्य कितीदा वाचलंय! साटंलोटं थोडं वेगळं. मूळ दोन घरांनी एकमेकांच्या मुली करून घेण्याचा व्यवहार, त्यामुळे त्यात देवाणघेवाण हवीच. मिलीभगत हिंदीतून आला, पण बातम्यांत आता रुळलाय.

ठेकेदार याला 'रिंग' म्हणतात. निविदा चारजण भरतात, पण काम कुणाला जायचं ते आधीच ठरलेलं. बाकीचे मुद्दाम चढे दर टाकतात. कागदावर स्पर्धा, प्रत्यक्षात पैसा आपल्या करातला. याची मला मनापासून चीड येते.

स्पर्धा कायदा, २००२ मध्ये तर 'करारा'ची व्याख्याच अशी आहे की तो लेखी किंवा औपचारिक असण्याची गरज नाही, नुसती समजूतही पुरते. याच कायद्याखाली स्पर्धा आयोगाने २०१२ साली सिमेंट कंपन्यांना संगनमत केल्याबद्दल ६,००० कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. त्याला 'सहकार्य' म्हणणार का? कृपया लेखातला शब्द बदला.